सल्ला : बॅटरीपायी अडलेली ई-सायकल; वाट बघू नका, ऑर्डर बदला

वाचकाचं पत्र : माझी उंची ४ फूट १० इंच. दुकानातल्या ई-सायकलींवर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणून चीनमधल्या एका छोट्या कारखान्याला मापाची ई-सायकल बनवायला सांगितली. खाली झुकलेली फ्रेम, मागच्या चाकात ५०० वॉटची मोटर, थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवायची मूठ) आणि फ्रेमच्या आत बसेल अशी खास बनवलेली ४८ व्होल्ट, १७.५ एएच (अँपिअर-तास) बॅटरी. भांडुपहून पवईला ऑफिसला जायचं आहे. निम्मे पैसे क्रेडिट कार्डाने दिले. बारा आठवडे सांगितले होते, आता पाच महिने झाले. विक्रेता म्हणतो, सायकल तयार आहे, पण बॅटरी न्यायला कोणी तयार नाही. तो दोन उपाय सुचवतोय. एक, सायकल आणि बॅटरी वेगवेगळ्या पार्सलने, ‘सायकलचे सुटे भाग, भेट’ असं लिहून आणि बिलावर किंमत कमी दाखवून पाठवायची. दुसरा, आणखी ४२० डॉलर दिले तर सगळे कर धरून घरपोच. कोणता स्वीकारू? ड्यूटी किती लागेल? आरटीओत जावं लागेल का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, दोन्ही उपायांना नकार कळवा आणि उरलेले पैसे पाठवू नका. सायकल अजून कारखान्यात आहे, तोवर सगळं बदलता येतं. हीच सायकल न्हावा शेवा बंदरात येऊन अडकली असती तर गोदामाचं भाडं रोज चढलं असतं आणि परत पाठवायचा खर्चही तुमच्याच माथी आला असता.

उशिराचा राग रास्त आहे. पण उद्या ही सायकल जशीच्या तशी दारात आली, तरी तुम्हाला ती रस्त्यावर काढता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवरचं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही ते काही अटींवरच. मोटरची अर्धा तास सलग देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. पेडल-असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मोटर मदत करते अशी सायकल असेल तर वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन २५ ला पूर्ण थांबली पाहिजे, आणि पेडल मारणं थांबवलं तर त्याआधीच थांबली पाहिजे. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा, ब्रेक व्यवस्थित हवेत. शिवाय या सगळ्याची पडताळणी नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट या त्यातल्या दोन.

तुमची ५०० वॉटची मोटर पहिल्याच अटीत बाद होते. मग ती सायकल मोटार वाहन ठरते. नोंदणी, लायसन्स, विमा, हेल्मेट, सगळं आलं. आरटीओत नोंदणीसाठी त्या मॉडेलची टाइप अप्रूव्हल (चाचणी संस्थेची मंजुरी) लागते, आणि एकाच ग्राहकासाठी बनवलेल्या एकाच सायकलीला ती मिळवणं खर्चात बसत नाही. म्हणजे आरटीओत जावं लागेल, आणि तिथून नंबर मिळणार नाही. विनानोंदणी चालवल्यास कायद्यात पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, विम्याशिवाय चालवल्यास २,००० रुपयांपर्यंत. दंडापेक्षा मोठी काळजी अपघाताची आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर कुणाला धक्का लागला तर भरपाईची जबाबदारी थेट तुमच्यावर येते.

५०० वॉट कशाला हवेत, तर पवईच्या चढासाठी, असा आमचा अंदाज आहे. हिशोब करून बघा. तुम्ही, सायकल आणि बॅग मिळून ८० किलो धरू. चार टक्के चढावर ताशी १५ च्या वेगाने जायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १३० वॉट लागतात. टायरचं घर्षण आणि वारा धरून १७० वॉटच्या आसपास. त्यातले ६०-७० वॉट तुमचे पाय आरामात देतात. २५० वॉट गटातली गिअर असलेली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी मोटर, हे काम सहज करते. मात्र गिअर नसलेली डायरेक्ट ड्राइव्ह मोटर घेऊ नका. ती जड असते आणि कमी वेगात, म्हणजे चढावर नेमकी लागते तेव्हा, दमते.

आता बॅटरी. विक्रेता खोटं बोलत नसावा. कोणी न्यायला तयार नाही याचं कारण तुमच्या ऑर्डरमध्येच आहे. लिथियम बॅटरी वाहतुकीत नवव्या वर्गाचा धोकादायक माल गणली जाते आणि तिच्या प्रत्येक प्रकाराला संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतली यूएन ३८.३ ही चाचणी पास व्हावी लागते. त्यात टी-१ ते टी-८ अशा आठ चाचण्या असतात : कमी दाब, तापमानातले चढउतार, कंपन, धक्का, शॉर्ट सर्किट वगैरे. त्यासाठी एकाच जातीचे अनेक नमुने खर्ची घालावे लागतात. बाजारात हजारोंनी विकल्या जाणाऱ्या बॅटरीचा अहवाल तयार असतो. फक्त तुमच्या फ्रेमसाठी जोडलेल्या बॅटरीचा नसतो, आणि एका ग्राहकासाठी कोणी ती चाचणी करत नाही. अहवालाशिवाय फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणारा, हात लावत नाही. ४८ गुणिले १७.५ म्हणजे ८४० वॉट-तास. विमान वाहतुकीतल्या सवलती १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना असतात. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मालवाहू विमानातूनही ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असून चालत नाही. समुद्रमार्गे जाते, पण अनेक ग्राहकांचा सुटा माल एका कंटेनरमध्ये भरणारे लोक धोकादायक माल बहुधा नाकारतात. एका खोक्यापायी आख्खा कंटेनर वेगळ्या नियमात जातो म्हणून. तेव्हा ही बॅटरी अजून पाच महिने थांबलात तरी कागदोपत्री निघणार नाही.

आणि निघाली, वाटेत महिनोन्‌महिने पडून राहिली, तर आणखी एक धोका आहे. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, थोडी थोडी वीज पीत राहतं. १३ सेलच्या ओळीची (४८ व्होल्टची) बॅटरी ३९ व्होल्टच्या खाली किंवा १० सेलची (३६ व्होल्टची) ३० व्होल्टच्या खाली गेलेली मिळाली तर ती चार्जरला लावू नये. इतक्या उतरलेल्या सेलला चार्ज केलं की आग लागू शकते. हे कुठूनही मागवलेल्या बॅटरीला लागू आहे. हातात आली की आधी मल्टिमीटर लावा.

विक्रेत्याचा पहिला उपाय तुम्हाला सरळ गुन्ह्यात ओढणारा आहे. भेट म्हणून मिळणारी ड्यूटीची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली, त्यामुळे तो शब्द लिहून एक रुपयाही वाचत नाही. किंमत कमी दाखवणं ही कस्टम कायद्याप्रमाणे चुकीची घोषणा. माल जप्त होतो, दंड लागतो, आणि माल सोडवून घ्यायचा तर त्याची वेगळी रक्कम भरावी लागते. कागदावर आयातदार तुम्ही आहात, तो नाही. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर खरी किंमत आहेच. भाग वेगळे केले म्हणजे सुटलो, असंही नाही. वर्गीकरणाच्या नियम २-अ प्रमाणे वस्तू सुटी असली, थोडी अपुरी असली, तरी तिचं मुख्य रूप दिसत असेल तर ती पूर्ण वस्तू धरता येते.

दुसरा उपाय ऐकायला बरा वाटतो. पण ४२० डॉलरमध्ये ‘सगळं धरून घरपोच’ म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या आयात परवान्यावर, दुसऱ्या मालात मिसळून आणलेला खोका. तुमच्या नावाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद, निघत नाही. माल पकडला गेला तर तुम्हाला कोणी कळवतही नाही आणि दाद मागायला हातात कागद नसतो. त्याला एवढंच विचारा : बिल ऑफ एंट्रीवर माझं नाव असेल का, आणि तिची प्रत मिळेल का? लेखी ‘हो’ आलं नाही तर विषय संपला.

मग करायचं काय? तुमच्या गरजेत मापाची गोष्ट एकच आहे, फ्रेम. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, चार्जर या सगळ्या ठराविक वस्तू आहेत आणि त्या भारतात बिलासकट मिळतात. आम्ही तुमच्या जागी असतो तर कारखान्याला कळवलं असतं की मोटर, बॅटरी, थ्रॉटल, डिस्प्ले रद्द, फक्त फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) पाठवा. पूर्ण सायकलही मागवता येईल, पण सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी २०२० चा गुणवत्ता-नियंत्रण आदेश आहे आणि कस्टमने त्याचे कागद मागितले तर छोट्या कारखान्याकडे ते नसतात. फ्रेम-फोर्कला ही भानगड नाही. डिस्प्ले वगळायलाही कारण आहे. त्यात ब्लूटूथ असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी मागितली जाऊ शकते. बॅटरी आणि चार्जरवर तसाच बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा प्रश्न निघतो.

फ्रेम आधीच तयार असेल तर तिची मापं फोटोसह मागवा, पट्टी लावून काढलेले फोटो. मागच्या चाकाची जागा १३५ मिलिमीटर आणि उघड्या खाचेची हवी. गिअर असलेल्या बहुतेक हब मोटर त्यात बसतात. १४२ मिलिमीटरची आरपार अॅक्सलची फ्रेम असेल तर इथे मोटर बसवताना फार त्रास होईल. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा दांडा बसतो ती नळी) ६८ मिलिमीटर, आट्यांचा. सीटपोस्ट २७.२ मिलिमीटर. चाक २६ इंची, कारण टायर-ट्यूब मुंबईत कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतील आणि मोटरचे किटही या रिममध्ये सहज मिळतात. खालच्या नळीवर बाटलीच्या स्टँडचे दोन नट असले की बॅटरीचा ट्रे तिथे बसतो. फ्रेमच्या आत शिरणारी बॅटरी विसरा. ती बिघडली तर जोडीची दुसरी जन्मात मिळणार नाही.

इथे घ्यायचं किट २५० वॉट गटातलं, पेडल सेन्सरवर चालणारं आणि २५ ला थांबणारं असावं. दुकानदाराकडे त्या किटचं चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर दुसरं दुकान बघा. बॅटरी ३६ व्होल्ट, १० एएच, म्हणजे ३६० वॉट-तास. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला १०-१५ वॉट-तास लागतात, त्यामुळे भांडुप-पवई जाऊन-येऊन निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक राहील. १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर बीएमएस २० अँपिअरचं घ्या. काठोकाठ घेतलं तर चढावर मध्येच बंद पडतं. फ्रेम अॅल्युमिनियमची असेल तर मोटरच्या अॅक्सलला टॉर्क आर्म (अॅक्सल फिरू न देणारी पट्टी) लावल्याशिवाय सायकल दुकानातून बाहेर काढू नका. अॅक्सल खाचेत फिरला की वायरी पिळून तुटतात आणि चाक निसटू शकतं. पुढचा ब्रेक उजव्या हाताला लावून घ्या, आपल्याकडे हाताला तीच सवय असते.

वाहतुकीतही फ्रेम-फोर्क मागवण्याचा फायदा मोठा आहे. कुरियर खरं वजन आणि आकारावरून काढलेलं हिशोबी वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लावतात. हिशोबी वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. पूर्ण सायकलचा खोका १५० × २५ × ८० असला तर हिशोबी वजन ६० किलो होतं. फ्रेम-फोर्कचा ११० × २५ × ६५ चा खोका ३६ किलोवर येतो. पाठवण्याआधी खोक्याचं माप लेखी घ्या. दहा सेंटिमीटर कमी करायला सांगितलं तरी पैसे वाचतात. पावसाळ्यात माल येणार असेल तर फ्रेम आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळायला सांगा, नुसता पुठ्ठा भिजून फाटतो.

समुद्राने आणायचा मोह टाळा. चीनच्या पूर्व किनाऱ्यावरून न्हावा शेवापर्यंत थेट जहाजाला साधारण अडीच-तीन आठवडे लागतात, पण सुटा माल आधी कंटेनर भरेपर्यंत थांबतो आणि मध्ये सिंगापूरसारख्या बंदरात दुसऱ्या कंटेनरची वाट बघतो. भाडं बहुधा किमान एका घनमीटरचं लावतात, तुमचा माल त्याच्या चौथा हिस्साही नाही. आणि स्वस्त भाड्याची वसुली इथे होते. डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएस (कंटेनरचं गोदाम), हाताळणी, कागदपत्रं अशा नावांनी जी रक्कम मागतात ती कित्येकदा भाड्यापेक्षा मोठी असते. समुद्राच्या मालाची बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरलेली हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपयांपर्यंत आकार लागू शकतो. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकताही येतो. एका फ्रेमसाठी हे ओझं कशाला?

कुरियरने आलं तर माल सहारला विमानतळावर उतरतो आणि कस्टमचं काम कुरियरचीच माणसं करतात, वेगळा सीएचए (कस्टमचं काम करणारा दलाल) लागत नाही. स्वतःच्या वापरासाठी आणताय, त्यामुळे आयात-निर्यात कोडही लागत नाही. आधार, पॅन आणि पत्ता कुरियरच्या केवायसीत आधीच भरून ठेवा. पार्सल दोन-तीन दिवस लटकतं ते बहुतेक वेळा नाव आणि आधार जुळत नाही म्हणून. बिलावर नेमकं लिहायला सांगा : ‘सायकलची फ्रेम आणि फोर्क, अॅल्युमिनियम, मोटर व बॅटरीशिवाय, नवीन, वैयक्तिक वापरासाठी’, खरी किंमत, ८७१४ हा शीर्षक क्रमांक (कस्टमच्या दरयादीतला मालाचा गट). सोबत पैसे भरल्याचा पुरावा पीडीएफमध्ये तयार ठेवा, किमतीची शंका आली की तोच लागतो. विचारणा आली तर उत्तर लेखीच जातं. त्यामुळे सहारला जाऊन बसण्याचा फारसा उपयोग होत नाही.

ड्यूटीचं गणित असं चालतं. मालाची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून करपात्र मूल्य. विम्याचा आकडा नसेल तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. विमानाचं भाडं कितीही असलं तरी मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार असेल तर तो, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. पूर्ण ई-सायकल ८७११ मध्ये विजेच्या मोटरसायकलींच्या शेजारी बसते. करपात्र मूल्य दीड लाख धरा. मूळ शुल्क २० टक्के समजलं तर ३०,००० अधिक ३,०००, मग १,८३,००० वर ५ टक्के म्हणजे ९,१५० : एकूण ४२,१५०. तेच शुल्क ५० टक्के समजलं तर एकूण ९४,१२५. हे दोन्ही दर फक्त उदाहरणासाठी आहेत. पण शुल्काचा दर बदलला की खिशावर किती फरक पडतो, हे त्यातून दिसतं. सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. मूळ शुल्काचा त्या दिवसाचा दर आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावरच्या ड्यूटी कॅल्क्युलेटरवर आठ आकडी क्रमांक टाकून बघा. तो अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून माल निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा.

आता पैशांचं. विक्रेत्याला आज एक ईमेल पाठवा, नुसता चॅट नको. त्यात पाच गोष्टी असू द्या : मोटर, बॅटरी, थ्रॉटल आणि डिस्प्ले रद्द, त्यांची रक्कम वजा करून सुधारित बिल, फ्रेमचा नंबर दिसेल असे फोटो, खोक्याचं माप आणि वजन, आणि दहा दिवसांच्या आत कुरियरचा एअरवे बिल (पार्सलची पावती) क्रमांक, नाहीतर पूर्ण परतावा. नुसता ‘लेबल तयार’ असा संदेश म्हणजे माल निघाला असं धरू नका. कुरियरने माल उचलल्याची नोंद दिसली पाहिजे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं चिनी नववर्ष मध्ये येत असेल तर तारीख त्याच्या आधीची मागा, तेव्हा कारखाने खरोखरच बंद असतात.

त्याच दिवशी कार्डाच्या बँकेला फोन करून ‘माल मिळाला नाही’ या कारणावरून तक्रार कधीपर्यंत नोंदवता येते ते विचारा. ही मुदत बहुधा ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून साधारण १२० दिवसांची असते. तुमचे बारा आठवडे संपून त्यातले दोनेक महिने गेले आहेत. ‘अजून पंधरा दिवस’ म्हणून विक्रेता तुम्हाला थांबवतो, तेव्हा हेच दिवस खर्च होतात. ऑर्डरची पावती, बारा आठवड्यांचं लेखी आश्वासन आणि कमी किमतीच्या बिलाचा त्याचा प्रस्ताव, तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तिसरा खास जपा. सरळ मार्गाने माल पाठवायला तो तयार नव्हता, हे बँकेला दाखवायला तो कामी येईल. दहाव्या दिवशी एअरवे बिल आलं नाही तर अकराव्या दिवशी तक्रार नोंदवा. पैसे परत आले की त्याच मापांचा कागद घेऊन इथल्या फ्रेम बनवणाऱ्याकडे जा, किंवा २० इंची चाकांची साधी फोल्डिंग सायकल बसून बघा. तुमच्या उंचीला तिच्यावर पाय सहज टेकतील, आणि पुढच्या चाकात बसणारी हब मोटर घ्यायची असेल तर फोर्कची जागा मोजूनच घ्या. फोल्डिंग सायकलींत ती बऱ्याचदा नेहमीच्या १०० मिलिमीटरपेक्षा अरुंद असते.